अमेरिकेतली दिवाळखोरी: चॅप्टर ७ की चॅप्टर १३, हे तुमच्या उत्पन्नावर कसं ठरतं?

अमेरिकेत कर्जात अडकलेल्या मराठी माणसाकडून दोन वाक्यं हमखास ऐकायला मिळतात. एक, "माझा पगार एवढा आहे, मला बँकरप्सी मिळणारच नाही." आणि दुसरं, "नोकरीच गेली, उत्पन्न शून्य, म्हणजे आता लगेच मिळेल." दोन्ही समजुती बरेचदा चुकीच्या ठरतात. पहिल्या चाळणीत कायदा तुमचा आजचा पगार बघतच नाही. तो मागच्या सहा महिन्यांची सरासरी बघतो. त्यामुळे गेल्याच महिन्यात नोकरी गेलेला माणूस कागदावर श्रीमंत दिसू शकतो, आणि भरपूर पगार असलेला, पण घर-गाडीच्या हप्त्यांनी पिळून निघालेला माणूस चाळणीतून पार होऊ शकतो.

हा लेख नवख्यांसाठी आहे. वकिलाकडे जाण्याआधी आपण साधारण कुठे उभे आहोत, हे घरच्या घरी कागद-पेन्सिल घेऊन समजावं, एवढाच त्याचा हेतू.

आधी एक शंका दूर करतो. दिवाळखोरीचा अर्ज करायला अमेरिकेचं नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागत नाही. तुम्ही तिथे राहत असाल, किंवा तिथे तुमचा व्यवसाय वा मालमत्ता असेल, तर एच-१बीवर असूनही अर्ज करता येतो. ओळखपत्र आणि सोशल सिक्युरिटी नंबरचा पुरावा मात्र दाखवावा लागतो.

दोन वाटा

चॅप्टर ७ आणि चॅप्टर १३ ही दिवाळखोरीच्या कायद्यातली दोन प्रकरणं. चॅप्टर ७ मध्ये तुमचं प्रकरण हाताळायला एक ट्रस्टी नेमला जातो. कायद्याने संरक्षण दिलेल्या वस्तू तुमच्याकडे राहतात. त्यापलीकडे विकण्यासारखं काही असेल तर ट्रस्टी ते विकून पैसे देणेकऱ्यांना, म्हणजे ज्यांचं तुम्ही देणं लागता त्यांना, वाटतो. बहुतेक सामान्य कुटुंबांकडे विकण्यासारखं काही उरतच नाही. साधारण चार ते सहा महिन्यांत क्रेडिट कार्ड, हॉस्पिटलची बिलं, वैयक्तिक कर्ज यांतून सुटका होते. ही वाट लवकर संपते, म्हणूनच तिच्या तोंडाशी उत्पन्नाची चौकी आहे.

चॅप्टर १३ मध्ये तुम्ही तीन ते पाच वर्षांची फेडीची योजना मांडता. दर महिन्याला ठरलेली रक्कम ट्रस्टीकडे भरायची, योजना पूर्ण झाली की उरलेलं बरंचसं कर्ज माफ. घराचे हप्ते थकले असतील आणि घर वाचवायचं असेल, तर ही वाट जास्त उपयोगाची. इथे उत्पन्नाची अट उलटी आहे: उत्पन्न हवंच, आणि तेही नियमित.

दोन्हींत अर्ज दाखल होताच वसुली थांबते. फोन, पत्रं, पगारातून होणारी कपात, घराचा लिलाव, सगळ्याला त्या दिवसापासून स्थगिती मिळते. मात्र मुलांचा पोटगीखर्च, घटस्फोटातली पोटगी, अलीकडचा आयकर आणि फसवणुकीतून घेतलेलं कर्ज कोणत्याही वाटेने असं सहज जात नाही. शैक्षणिक कर्जासाठी तर वेगळा दावा लावून अतोनात हलाखी सिद्ध करावी लागते.

पायरी १: सहा महिन्यांची सरासरी काढा

२००५ साली अमेरिकी काँग्रेसने दिवाळखोरीच्या कायद्यात मोठी दुरुस्ती केली आणि त्याच वर्षी १७ ऑक्टोबरपासून 'मीन्स टेस्ट' नावाची कसोटी लागू झाली. ज्याला थोडंफार फेडता येईल त्याने सरळ चॅप्टर ७ घेऊ नये, हा त्यामागचा विचार. कसोटीचा पहिला आकडा असा काढतात: ज्या महिन्यात अर्ज कराल तो महिना सोडून द्या, त्याआधीचे सहा पूर्ण कॅलेंडर महिने घ्या, त्यांतलं एकूण उत्पन्न मोजा, सहाने भागा, बाराने गुणा.

उत्पन्न म्हणजे हातात आलेला पगार नव्हे. कर आणि कपाती होण्याआधीची पूर्ण रक्कम धरायची. बोनस, ओव्हरटाइम, सेव्हरन्स (नोकरीवरून काढताना कंपनी देते ती रक्कम), घरभाडं, व्याज, उबरमधली जोडकमाई, घरखर्चाला भाऊ नियमित देत असलेले पैसे, सगळं यात येतं. पुण्यातला फ्लॅट भाड्याने दिला असेल तर ते भाडंही यातच. सोशल सिक्युरिटीचे पैसे मात्र वगळतात, आणि २०१९ पासून माजी सैनिकांचे अपंगत्वाचे भत्तेही. बेरोजगारी भत्ता मोजायचा की नाही, यावर वेगवेगळ्या न्यायालयांचं एकमत नाही. आपल्या भागात काय चालतं ते वकिलाला विचारा.

आता एक उदाहरण बघू. आकडे मी घेतलेले आहेत, पण घडतं असंच. महिना ९,५०० डॉलर पगार असलेल्या माणसाची नोकरी जुलैअखेर गेली. ऑगस्टमध्ये १२,००० डॉलर सेव्हरन्स मिळाला. सप्टेंबर आणि ऑक्टोबर कोरडे गेले. नोव्हेंबरपासून महिना ५,५०० डॉलरचं कंत्राटी काम लागलं. बेरोजगारी भत्ता सध्या बाजूला ठेवू.

त्याने घाबरून ऑगस्टमध्येच अर्ज केला, तर फेब्रुवारी ते जुलै हे महिने धरले जातील. सहाही महिने पूर्ण पगाराचे, म्हणजे वर्षाचं उत्पन्न १,१४,००० डॉलर. नोकरी नसताना!

नोव्हेंबरमध्ये अर्ज केला, तर मे ते ऑक्टोबर धरले जातील. तीन पगार आणि सेव्हरन्स मिळून ४०,५००, सरासरी ६,७५०, वर्षाचे ८१,०००.

फेब्रुवारीपर्यंत थांबला, तर ऑगस्ट ते जानेवारी. सेव्हरन्स आणि नव्या कामाचे तीन महिने मिळून २८,५००; सरासरी ४,७५०; वर्षाचे ५७,०००.

माणूस तोच आणि कर्जही तेच. अर्जाचा महिना बदलला की आकडा निम्म्यावर आला. म्हणून लेऑफनंतरच्या पहिल्या आठवड्यात घाईने अर्ज करू नये, असं मी आग्रहाने सांगतो. अर्थात घराचा लिलाव किंवा पगारजप्ती तोंडावर आली असेल, तर थांबण्याची चैन परवडत नाही. आणि थांबायचं म्हणजे त्या काळात कार्डं वापरत राहायचं, असा अर्थ मुळीच घेऊ नका. अर्जाआधीच्या ९० दिवसांत एकाच देणेकऱ्याकडून ९०० डॉलरपेक्षा जास्त चैनीची खरेदी केली किंवा ७० दिवसांत १,२५० डॉलरपेक्षा जास्त रोख उचलली, तर ती रक्कम फसवणुकीची मानली जाऊ शकते आणि माफ न होता अंगावर राहते.

पायरी २: राज्याच्या मीडियनशी तुलना करा

हा वार्षिक आकडा तुमच्या राज्यातल्या, तुमच्याएवढ्याच कुटुंबाच्या मीडियन उत्पन्नाशी ताडून बघायचा. मीडियन म्हणजे अगदी मधला आकडा: निम्म्या कुटुंबांचं उत्पन्न त्याच्या वर, निम्म्यांचं खाली. हे तक्ते न्याय खात्याच्या युनायटेड स्टेट्स ट्रस्टी विभागाच्या संकेतस्थळावर मिळतात आणि ठरावीक काळाने बदलतात, म्हणून दोन वर्षांपूर्वी मित्राने दिलेला आकडा वापरू नका. न्यू जर्सीचा तक्ता आणि मिसिसिपीचा तक्ता यांत खूप फरक आहे.

कुटुंबात किती माणसं धरायची, हा प्रश्न आपल्या घरांत हमखास येतो. आई-वडील सहा महिन्यांसाठी आलेत, ते मोजायचे का? धाकटी बहीण सोबत राहते पण स्वतः कमावते, ती? काही न्यायालयं घरात राहणारी डोकी मोजतात, काही करविवरणातले आश्रित बघतात, तर काही पैशाचा व्यवहार एकत्र आहे का ते तपासतात. पाहुणा व्हिसावर आलेल्या आई-वडिलांच्या भरवशावर गणित मांडू नये.

नवरा-बायकोपैकी एकानेच अर्ज केला आणि दोघं एकत्र राहत असतील, तर दुसऱ्याचं उत्पन्नही धरलं जातं. हे अनेकांना धक्कादायक वाटतं. पण त्याला एक सवलत जोडलेली आहे: दुसऱ्याच्या उत्पन्नातला जो भाग अर्जदाराच्या घरखर्चात येत नाही, तो वजा करता येतो. बायको स्वतःच्या शैक्षणिक कर्जाचा हप्ता स्वतःच्या पगारातून भरत असेल, तर ती रक्कम इथे बाजूला काढता येते.

मीडियनच्या खाली असाल तर फॉर्म १२२ए-१ वर काम संपतं. कसोटीच्या दृष्टीने चॅप्टर ७ चं दार उघडं. तरीही न्यायाधीश किंवा युनायटेड स्टेट्स ट्रस्टी तुमचं आजचं खरं उत्पन्न आणि खर्च पाहून आक्षेप घेऊ शकतात. समजा सहा महिने बेकारीत गेले, सरासरी खाली आली, पण आता दरमहा १५,००० डॉलरची नोकरी लागली आहे. मग "याला फेडता येईल" असं ते म्हणू शकतात.

पायरी ३: मीडियनच्या वर असाल तर खर्च वजा करा

इथे बरेच जण हार मानतात, आणि तीच वेळ हार न मानण्याची असते. मीडियनच्या वर असणं म्हणजे चॅप्टर ७ बंद नव्हे. आता दुसरा, लांबलचक फॉर्म भरायचा: १२२ए-२.

त्यात अन्न, कपडे, घरातल्या किरकोळ वस्तू यांसाठी आयआरएसने (अमेरिकेच्या आयकर खात्याने) ठरवलेली राष्ट्रीय प्रमाणं वापरतात. घर आणि गाडीसाठी तुमच्या काउंटी किंवा प्रदेशाची. तुम्ही प्रत्यक्षात किराण्यावर किती उडवता याला इथे फारसा अर्थ नाही. पण कर, आरोग्यविमा, पाळणाघर, नोकरीसाठी सक्तीच्या कपाती, घराचे आणि गाडीचे हप्ते हे तुमच्या खऱ्या आकड्यांनी वजा होतात. म्हणूनच मोठं गृहकर्ज असलेला माणूस जास्त पगारातही पार होतो, आणि कर्ज नसलेली जुनी होंडा चालवणारा काटकसरी माणूस अडकतो. मला हे न्याय्य वाटत नाही, पण नियम असा आहे. गाडीवर कर्ज नसेल तर तिच्या मालकीच्या खर्चाचं प्रमाण वजा करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली रॅन्सम खटल्यात स्पष्ट केलं.

४०१के, म्हणजे नोकरीतल्या निवृत्ती-बचत खात्यात, तुम्ही आपणहून भरता ते पैसे चॅप्टर ७ च्या कसोटीत वजा होत नाहीत.

आता एक तरतूद, जी आपल्या लोकांना जवळजवळ कुणी सांगत नाही. म्हाताऱ्या, दीर्घकाळ आजारी किंवा अपंग जवळच्या नातलगाच्या सांभाळासाठी तुम्ही आधीपासून पैसे देत असाल, तो खर्च वाजवी आणि गरजेचा असेल, आणि तो नातलग स्वतः तो खर्च करू शकत नसेल, तर ती रक्कम वजा मागता येते. आई-वडील, आजी-आजोबा, भावंडं यांची नावं कायद्यात थेट आहेत. साताऱ्यातल्या आईच्या औषधांसाठी आणि बाईच्या पगारासाठी तुम्ही दरमहा पैसे पाठवत असाल, तर पाठवल्याच्या पावत्या, डॉक्टरांचे कागद, केमिस्टची बिलं जमवा. भावाच्या नव्या फ्लॅटला हातभार म्हणून पाठवलेले पैसे यात बसत नाहीत.

सगळं वजा करून महिन्याला जे उरेल त्याला ६० ने गुणा. १ एप्रिल २०२५ पासूनचे आकडे असे: गुणाकार १०,२७५ डॉलरच्या आत असेल तर पार. १७,१५० किंवा त्याहून जास्त असेल, तर कायदा गैरवापर गृहीत धरतो. मधल्या पट्ट्यात असाल, तर ती रक्कम तुमच्या विनातारण कर्जाच्या २५ टक्क्यांशी ताडतात. समजा महिन्याला २२० डॉलर उरतात, म्हणजे ६० महिन्यांचे १३,२००. कर्ज ६०,००० असेल तर २५ टक्के म्हणजे १५,०००. त्यापेक्षा कमी, म्हणून पार. कर्ज ४०,००० असेल तर २५ टक्के १०,०००, तिथे अडकलात. हे डॉलरचे आकडे दर तीन वर्षांनी बदलतात.

गृहीत धरलेलं खोडताही येतं. गंभीर आजार किंवा लष्करी सेवेचं बोलावणं ही उदाहरणं कायद्यातच आहेत. अशीच इतर खास परिस्थिती कागदपत्रांनिशी मांडावी लागते. आणि तुमचं निम्म्याहून जास्त कर्ज घरगुती नसून धंद्याचं असेल, बुडालेल्या रेस्टॉरंटचं किंवा मोटेलचं, तर ही कसोटी लागूच होत नाही.

पायरी ४: चॅप्टर १३ साठी उत्पन्न कसं मोजतात

इथे पहिला प्रश्न असतो तो नियमित उत्पन्नाचा. ते पगाराचंच हवं असं नाही. पेन्शन, भाडं, धंदा, सोशल सिक्युरिटी चालतं. पण काहीच येत नसेल तर योजना उभी राहत नाही. कर्जालाही मर्यादा आहे: एप्रिल २०२५ पासून विनातारण कर्ज ५,२६,७०० डॉलरपेक्षा कमी आणि तारणी कर्ज १५,८०,१२५ डॉलरपेक्षा कमी. त्याच्या वर असाल आणि चॅप्टर ७ ही बसत नसेल, तर चॅप्टर ११ उरतं, जे खर्चिक आणि किचकट आहे.

तीच सहा महिन्यांची सरासरी इथे योजनेची लांबी ठरवते. मीडियनच्या खाली असाल तर तीन वर्षं, वर असाल तर पाच. मीडियनच्या वरच्यांचा खर्च आयआरएसच्या प्रमाणांनी मोजतात, खालच्यांचा प्रत्यक्ष वाजवी खर्च बघतात. मागचे सहा महिने अपवादात्मक गेले असतील, तर न्यायाधीश पुढे नक्की होणारा बदल विचारात घेऊ शकतात. २०१० सालच्या हॅमिल्टन विरुद्ध लॅनिंग निकालाने हे मान्य केलं. एकरकमी सेव्हरन्समुळे फुगलेल्या सरासरीवर पाच वर्षांचे हप्ते बसायचं संकट त्यामुळे टळू शकतं. ४०१के मधून घेतलेल्या कर्जाचा हप्ताही इथे वजा होतो, चॅप्टर ७ च्या कसोटीत होत नाही.

एच-१बीवर असलेल्यांनी एक गोष्ट प्रामाणिकपणे तोलावी. नोकरी गेली की तुमच्याकडे जास्तीत जास्त ६० दिवस असतात. पाच वर्षांची योजना त्या व्हिसावर उभी आहे, आणि योजना पार पडेल का, हे न्यायाधीश बघणारच.

भारतातलं काहीही लपवू नका

अर्जात जगभरातली मालमत्ता दाखवावी लागते. पुण्यातला फ्लॅट, एनआरई-एनआरओ खाती, मुदत ठेवी, आईच्या लॉकरमध्ये ठेवलेलं तुमचं सोनं, सातबाऱ्यावर चुलत्यांबरोबर लागलेलं तुमचं नाव, सगळं. अमेरिकेतल्या ४०१के ला भक्कम संरक्षण आहे. भारतातल्या पीएफ-पीपीएफला तेच मिळेल असं गृहीत धरू नका. अर्जानंतर १८० दिवसांच्या आत वारसा मिळण्याचा हक्क निर्माण झाला, तर तोही कळवावा लागतो आणि चॅप्टर ७ मध्ये देणेकऱ्यांकडे जाऊ शकतो.

अर्जाच्या आधी घाईने फ्लॅटचं बक्षीसपत्र भावाच्या नावे करणं हा सगळ्यात घातक सल्ला आहे. दोन वर्षांपर्यंतची, राज्याच्या कायद्यानुसार त्याहूनही जुनी हस्तांतरणं तपासली जातात. अर्जाआधीच्या वर्षभरात देणेकऱ्यांना चकवण्यासाठी असं केल्याचं दिसलं, तर संपूर्ण कर्जमाफीच नाकारली जाऊ शकते. मालमत्ता लपवणं हा तर गुन्हा आहे. तसंच, "मामाचे पैसे आधी देऊन टाकू, बँकेचं बँक बघेल" असं करू नका. जवळच्या नातलगाला अर्जाआधीच्या एका वर्षात फेडलेली रक्कम ट्रस्टी मामाकडून परत मागू शकतो. नात्यासाठी केलेली गोष्ट नात्यालाच भारी पडते.

भारतातल्या बँकेचं शैक्षणिक कर्ज असेल आणि वडील जामीनदार असतील, तर तुमचं काहीही झालं तरी त्यांची जबाबदारी संपत नाही. त्यांचं राहतं घर तारण असेल, तर त्या कर्जाचा विचार सगळ्यात आधी करा.

आणि ४०१के मोडून कार्डं फेडू नका. हे मी जेवढ्या तळमळीने सांगू शकतो तेवढ्या तळमळीने सांगतो. अब्रूपायी माणसं म्हातारपणाची पुंजी, जिला देणेकरी हातही लावू शकले नसते, ती दंड आणि कर भरून रिकामी करतात, आणि वर्षभराने तरीही दिवाळखोरीचा अर्ज करतात.

पायरी ५: वकिलाकडे जाताना

मागच्या सात-आठ महिन्यांच्या पे-स्टब घ्या, सहाच्या नव्हे. अर्जाचा महिना पुढे-मागे करून बघता येतो. आरएसयू (पगाराचा भाग म्हणून मिळणारे कंपनीचे शेअर) मिळाले असतील तर ते कोणत्या महिन्यात वेस्ट झाले, म्हणजे प्रत्यक्ष तुमचे झाले, ते लिहून न्या, कारण एकाच महिन्यात सरासरी उडी मारते. गेल्या चार वर्षांची करविवरणं न्या. चॅप्टर १३ मध्ये ती भरलेली असणं बंधनकारक आहे. बँक स्टेटमेंट, देण्यांची यादी, भारतातल्या मालमत्तेची कागदपत्रं सोबत असू द्या.

अर्जाआधीच्या १८० दिवसांत मान्यताप्राप्त संस्थेकडून क्रेडिट समुपदेशन घ्यावं लागतं. फोनवर किंवा ऑनलाइन होतं. न्यायालयाचं शुल्क चॅप्टर ७ ला ३३८ डॉलर, चॅप्टर १३ ला ३१३. उत्पन्न सरकारी दारिद्र्यरेषेच्या दीडपटीखाली असेल आणि हप्त्यांनीही भरणं शक्य नसेल, तर चॅप्टर ७ चं शुल्क माफ होऊ शकतं. चॅप्टर १३ मध्ये वकिलाच्या फीचा बराच भाग योजनेत घालता येतो, म्हणून काही वकील तिकडेच ढकलतात. तुमचा कसोटीचा आकडा तुम्ही आधी काढलेला असेल, तर "मला चॅप्टर ७ का नको?" हा प्रश्न ठामपणे विचारता येतो.

चॅप्टर १३ सुरू झाल्यावर उत्पन्न बदललं तर ट्रस्टीला कळवा. वाढलं तर हप्ता वाढू शकतो. कमी झालं तर योजना बदलून मागता येते, चॅप्टर ७ मध्ये वळता येतं, आणि आजारपणासारख्या हाताबाहेरच्या कारणाने योजना पुढे नेणं अशक्यच झालं, तर न्यायालय काही अटींवर मधेच कर्जमाफीही देऊ शकतं. दोन हप्ते चुकवून गप्प बसलात तर मात्र ट्रस्टी प्रकरण फेटाळण्याचा अर्ज करतो, आणि ते फेटाळलं गेलं की स्थगितीही उठते.